बातमीतून इंग्रजी शब्दांकडे

इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाच्या हाती आपण बहुधा दोनच गोष्टी देतो. एक म्हणजे लहान मुलांचे पहिले पुस्तक आणि दुसरी म्हणजे शब्दांची लांबलचक यादी. पुस्तकात मांजर चटईवर बसलेले असते. यादीत एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले शब्द केवळ वर्णानुक्रमामुळे शेजारी उभे असतात. संसार चालवणाऱ्या, मतदान करणाऱ्या, बाजारभावाची चर्चा करणाऱ्या माणसाला या दोहोंत स्वतःचे असे काहीच सापडत नाही. त्याला येत नसते ती केवळ भाषा. जग त्याला चांगले कळते. म्हणून त्याच्यापुढे वर्तमानपत्र ठेवावे, असे माझे मत आहे.

लखनौचे उदाहरण घेऊ. डिसेंबरअखेर व जानेवारीत त्या शहरावर दाट धुके उतरते आणि तेथील इंग्रजी वर्तमानपत्रांत तीच बातमी पुनःपुन्हा येत राहते. ‘डेन्स फॉग’ म्हणजे दाट धुके, ‘व्हिजिबिलिटी’ म्हणजे दृश्यमानता, ‘डिलेड’ म्हणजे उशिराने धावणारी गाडी, ‘डायव्हर्टेड’ म्हणजे दुसऱ्या मार्गाने वळवलेली, ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द केलेली. चारबाग स्थानकावर कुडकुडत गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला या शब्दांचे अर्थ शब्दकोशात शोधावे लागत नाहीत. ते तो भोगतच असतो. पहिल्या दिवशी अडखळलेला शब्द आठव्या दिवशी ओळखीचा होतो, कारण बातमी त्याला रोज नव्या वाक्यात बसवून आणते. यादी पाठ करणाऱ्याला अशी पुनरावृत्ती मुद्दाम करावी लागते आणि तिचा कंटाळा येतो. बातमीतील पुनरावृत्ती आपोआप होते, आणि उद्या काय झाले हे जाणून घेण्याची उत्सुकता तिच्या मागे असते.

मराठी वाचकाला हा मार्ग नवा नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. पाश्चात्त्य विद्येचा परिचय लोकांना व्हावा आणि लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांच्या कानी जावे, असा तो दुहेरी उद्देश होता. ज्याला इंग्रजी शिकावयाचे त्याला एका स्तंभावरून दुसऱ्या स्तंभाकडे नजर वळवण्याची सोय त्यातून मिळाली. ‘दर्पण’ १८४० पर्यंत चालले. पुढे ‘इंदुप्रकाश’ व ‘सुधारक’ यांनीही दोन्ही भाषांत मजकूर दिला. या पत्रांत मराठी ही केवळ इंग्रजीकडे जाण्याची शिडी नव्हती. दोन्ही भाषा बरोबरीने बोलत होत्या. आज इंग्रजी शिकताना आपण आपली भाषा जणू दाराबाहेर काढून ठेवतो, ते मला पटत नाही.

बातमीत शब्दांचे आणखी एक अंग दिसते, जे कोणत्याही यादीत दिसणार नाही. शब्द कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने निवडलेला असतो. ९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळील काकोरी येथे क्रांतिकारकांनी आगगाडी थांबवून सरकारी खजिना लुटला. इंग्रज सरकारने खटल्याला नाव दिले ‘कॉन्स्पिरसी केस’, म्हणजे कटाचा खटला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्र लाहिरी व रोशन सिंह यांना डिसेंबर १९२७ मध्ये फाशी झाली. याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री मूळचे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने या घटनेला ‘काकोरी ट्रेन ॲक्शन’ म्हणण्यास सुरुवात केली. घटना एकच, परंतु ‘कॉन्स्पिरसी’ म्हणणारा तिच्याकडे एका बाजूने पाहतो आणि ‘ॲक्शन’ म्हणणारा दुसऱ्या बाजूने. हा भेद ज्याला कळला, त्याला दोन शब्दांचे केवळ अर्थ नव्हे, तर वजनही कळले.

गुन्ह्यांच्या बातम्यांतही असेच बारकावे भरलेले असतात. ‘थेफ्ट’ म्हणजे चोरी, ‘रॉबरी’ म्हणजे जबरी चोरी आणि ‘डकॉइटी’ म्हणजे दरोडा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तरच कायदा तिला ‘डकॉइटी’ म्हणतो. हा शब्द मुळात आपल्याच ‘डकैती’चा! इंग्रजांनी तो कायद्यात घेतला आणि तो इंग्रजी होऊन आपल्याकडे परत आला. ‘लूट’, ‘घेराव’ व ‘बंद’ यांचीही कथा काहीशी अशीच. अनोळखी वाटणाऱ्या पानावर आपलेच चार शब्द भेटले की परकेपणाची भीती पुष्कळच ओसरते.

मात्र मथळ्यांपासून सावध राहावे. मथळ्याचे इंग्रजी हे बोलण्याचे इंग्रजी नव्हे. काल घडलेली गोष्ट तेथे वर्तमानकाळात सांगितली जाते, उद्याच्या घटनेसाठी नुसता ‘टू’ पुरतो आणि जागा वाचवण्यासाठी लहान लहान शब्दांची भरती होते. चौकशीसाठी ‘प्रोब’, मंजुरीसाठी ‘नॉड’. नवशिका हेच शब्द अर्जात वापरू लागला, तर वाचणारा हसेल. एरवी ‘रो’ म्हणजे रांग. पण त्याच अक्षरांचा मथळ्यात भांडण असा अर्थ होतो आणि तेव्हा उच्चार ‘राउ’च्या जवळ जातो. म्हणून प्रथम बातमीचा पहिला परिच्छेद वाचावा आणि मथळ्याकडे मग वळावे. शिवाय बातमीत अपघात, निवडणुका व घोटाळे भरपूर. पण डॉक्टरांना पोटदुखी कशी सांगावी, हे त्यात मिळत नाही. ती उणीव अन्य मार्गांनी भरून काढावी लागेल.

अध्येत्याने सकाळी एखादी बातमी मराठीत वाचावी, मग तीच इंग्रजीत शोधावी. न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढण्याचा मोह टाळावा. जे शब्द दोनदा आले, तेवढेच वहीत घ्यावेत आणि त्यांचे वाक्य स्वतःच्या गावाविषयी रचावे. मलिहाबादच्या दशहरी आंब्याला गारपिटीचा फटका बसल्याची बातमी लखनौच्या पत्रात आली, तर रत्नागिरीच्या वाचकाने त्याच ‘हेलस्टॉर्म’ आणि ‘क्रॉप’ या शब्दांनी आपल्या हापूसविषयी दोन ओळी लिहून पाहाव्यात.