बॅग भरण्यापूर्वी

परदेशातल्या अनाथ मुलांची सेवा करायला महिनाभरासाठी निघालेल्या माणसाची लगबग पाहण्यासारखी असते. पासपोर्ट, व्हिसा, लशी, औषधं. बॅगेच्या कोपऱ्यात रंगीत खडू, फुगे, चॉकलेटं. घरच्यांना कौतुक, शेजाऱ्यांना अभिमान. हेतूही चांगलाच. पण एक तयारी बहुधा राहून जाते. ज्यांच्यासाठी आपण निघालो, ती मुलं खरोखरच अनाथ आहेत का, हे विचारण्याची!

कॉनर ग्रेनन या अमेरिकन तरुणानंही ते विचारलं नव्हतं. २००४ साली जगप्रवासाला निघताना थोडी सेवाही घडावी, म्हणून तो नेपाळला गेला. काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या बालगृहात मुलांबरोबर रमला. आणि एक दिवस तिथल्या दोन भावंडांची आईच समोर आली!

मग सगळा उलगडा झाला. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवादी संघर्ष चालू होता. दुर्गम हुमला जिल्ह्यातल्या आईबापांना दलालांनी गाठलं. ‘मुलं शहरात सुरक्षित राहतील, शिकतील,’ असं सांगून पैसे उकळले आणि मुलांना वाऱ्यावर सोडलं. ग्रेनननं २००६ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली. मुलांचे फोटो घेऊन, डोंगर तुडवत तो हुमलात पोहोचला आणि त्यांचे आईवडील शोधू लागला.

हे नेपाळपुरतंच नाही. कंबोडियातही बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुणे येतात, देणग्या देतात. मग पाहुण्यांसाठी मुलं गोळा केली जातात. म्हणूनच अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेमुळे मुलांचं होणारं नुकसान रोखावं, असं आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९ मध्ये केलं.

शिवाय लहान मूल चार दिवसांत गळ्यात पडतं. पाहुण्याला भरून येतं. पण तो विमानात बसला, की मुलाच्या वाट्याला पुन्हा ताटातूट. दर महिन्याला नवा काका, नवी मावशी आणि नवा निरोप!

मग जाऊच नये का? जावं, पण आधी चार प्रश्न विचारावेत. संस्थेची सरकारदरबारी नोंद आहे का? मुलांचे आईवडील कुठे आहेत आणि मुलांना घरी पाठवण्यासाठी संस्था काय करते? येणाऱ्या पाहुण्याची पोलीस चौकशी होते का, की कुणीही यावं आणि मुलांना फिरायला न्यावं? आणि आपल्याला येणारं असं कोणतं काम आहे, जे तिथल्या माणसाला येत नाही? शिक्षिकेनं तिथल्या शिक्षकांना शिकवावं, हिशेबनिसानं संस्थेचे हिशेब लावून द्यावेत. फोटो मात्र परवानगीशिवाय काढू नयेत.

उत्तरं पटली नाहीत, तर तिकिटाचे पैसे मुलांना आईवडिलांजवळच ठेवून शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावेत. त्या मुलाला परदेशी पाहुणा भेटणार नाही. आई मात्र रोज भेटेल.