मृतांच्या मुखीं शब्द

कृत्रिम प्रज्ञेच्या साहाय्यानें मृत माणसाचा चेहरा व आवाज पुन्हां उभा करणें आतां शक्य झालें आहे. २०१८ सालीं निवर्तलेले तामिळनाडूचे नेते करुणानिधि २०२४ च्या जानेवारींत पडद्यावर येऊन भाषण करते झाले! २०२० सालीं दक्षिण कोरियांत एका मातेस तिच्या दिवंगत कन्येची अशीच मायावी भेट घडविण्यांत आली. शोकाकुल मनास यांत क्षणभर विसांवा मिळेलही. तेव्हां सरसकट धिक्कार करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. परंतु छायाचित्र केवळ स्मृति जागवितें. ही प्रतिमा मात्र नवें बोलते. आजोबा जें कधींच बोलले नसते, तें त्यांच्या मुखीं घालतां येतें. वाटणीच्या तंट्यांत असें एक वाक्य केवढा अनर्थ करील! अरिजित सिंग या गायकाच्या आवाजाची अशी नक्कल मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालीं अंतरिम आदेशानें रोखली. पण तो स्वतः दाद मागूं शकला. मृतास ती सोय कोठली? म्हणून मृत्युपत्राप्रमाणेंच आपल्या वाणीविषयींची इच्छाही प्रत्येकानें हयातींतच लिहून ठेवावी. आणि जेथें ती नसेल, तेथें घरच्यांनीं दिवंगताचें मौन मोडूं नये, हेंच आम्हांस श्रेयस्कर वाटतें.