‘वूडू’ म्हणून हिणवण्याआधी

‘वूडू’ म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांतही टाचण्या टोचलेली बाहुली आणि कवटी डोळ्यांसमोर उभी राहते. हे ज्ञान आपल्याला कोठून मिळाले? हॉलिवूडकडून! 1915 ते 1934 या काळात हैतीवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट त्याच काळातला, 1932 चा. ज्यांचा देश बळकावायचा त्यांच्या दैवतांना भुते ठरवायचे, ही जेत्यांची जुनीच रीत.

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाच्या फॉन भाषेत ‘वोदून’ म्हणजे दैवत. त्यांपैकी साकपाता हा भूमीचा आणि देवीच्या रोगाचा अधिपती. उईदा नगरात अजगरांचे मंदिर आहे आणि समोरच कॅथलिक बॅसिलिका. गुलामांच्या जहाजांतून ही दैवते याच किनाऱ्यावरून हैतीला पोहोचली. 1972 मध्ये लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या मॅथ्यू केरेकू यांनी पुढे मार्क्सवाद हे राष्ट्राचे तत्त्वज्ञान ठरवले आणि वोदूनच्या पुजाऱ्यांमागे ससेमिरा लावला. मिशनऱ्यांचे अपुरे राहिलेले कार्य कॉम्रेडांनी हाती घेतले, एवढाच फरक! तेही साधले नाही. 1998 पासून तेथे जानेवारीत पारंपरिक धर्मांसाठी राष्ट्रीय सुट्टी असते. फ्रेंच सैन्याने 1892 मध्ये लुटलेल्या राजवाड्यातील 26 वस्तूही फ्रान्सला 2021 मध्ये परत कराव्या लागल्या.

आता आपल्याकडे पाहू. निलंग्याच्या नीलकंठेश्वराचे तारकाकृती मंदिर पाहुण्यांना दाखवताना आपली मान ताठ होते. पण गावकुसाबाहेरची मरीआई आणि तिचा पोतराज यांचा विषय निघाला की आपलीच माणसे ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळी होतात. ज्या मराठीने रोगालाच ‘देवी’ म्हटले आणि लस टोचण्याला ‘देवी काढणे’, तिच्या लेकरांनी साकपाताला हसावे?

अंगावर आसूड ओढण्याचे समर्थन येथे कोणी करीत नाही. पोतराजाच्या मुलाने शाळेतच गेले पाहिजे, आणि अघोरी प्रकारांसाठी 2013 चा कायदा आहे. तो खुशाल वापरावा. प्रश्न निराळा आहे. कोरीव पाषाण तेवढा संस्कृती आणि शेंदूर फासलेला दगड अंधश्रद्धा, हा भेद आपण कोणाच्या चष्म्यातून करतो? धर्मांतराचा प्रचारक गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीत पोहोचला, की आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याआधीच्या पिढ्यान्‌पिढ्या आपण तेथे किती वेळा गेलो होतो? मंदिरांवर स्मरणिका काढणाऱ्यांपैकी कोणी मरीआईची गाणी, पोतराजाच्या तोंडून ऐकून, वहीत उतरवून घेतली आहेत काय?