क्लब कोणाचा?

फुटबॉलचा क्लब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर करोडोंचे खेळाडू आणि त्यांचा धनाढ्य मालक उभा राहतो. पाठीराख्याने तिकीट काढावे, घसा सुकेपर्यंत ओरडावे आणि घरी जावे, एवढीच त्याची जागा. पण युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंडमध्ये वेगळे घडले आहे. तेथे बुडत चाललेले क्लब सामान्य पाठीराख्यांनी वर्गणी काढून हातात घेतले आणि चालवून दाखविले. ते त्यांना कसे जमले, हे आज पाहू.

प्रथम तेथील परिस्थिती समजून घेतली पाहिजे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे देशी खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ मात्र इंग्रजांच्या लष्करी छावण्यांतून आलेला, परका, अशी तेथील अनेकांची समजूत होती. देशी खेळांचा कारभार पाहणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या बलाढ्य संस्थेने आपल्या सभासदांना तो खेळण्यास, एवढेच काय पाहण्यासही मनाई केली होती. १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डब्लिन शहरात आयर्लंड विरुद्ध पोलंड हा सामना पाहायला गेले. ते या संस्थेचे आश्रयदाते होते. केवळ सामना पाहिला म्हणून संस्थेने त्यांचे नाव काढून टाकले! ही बंदी उठायला १९७१ साल उजाडले. अशा काळात डब्लिनच्या कामगार वस्त्यांनी हा खेळ उराशी धरून ठेवला.

या वस्त्यांपैकी एक रिंग्जएंड. डब्लिनच्या गोदीजवळची ही वस्ती. येथेच शॅमरॉक रोव्हर्स या क्लबचा जन्म झाला. १९२६ पासून मिलटाउन भागातले मैदान हे त्याचे घर होते. १९८४ ते १९८७ अशी सलग ४ वर्षे क्लबने आयर्लंडची लीग जिंकली. आणि याच वैभवाच्या काळात, १९८७ साली, क्लबच्या मालक कुटुंबाने मिलटाउनचे मैदान विकायला काढले! शहर वाढले होते, जमिनीला भाव आला होता. मालकाने दुसऱ्या क्लबच्या मैदानावर सामने ठेवले.

पाठीराख्यांनी काय करावे? त्यांनी संघटना उभारली आणि बहिष्कार पुकारला. सामना आपल्या लाडक्या संघाचा, पण आत जायचे नाही! ज्याने बापाचे बोट धरून हा खेळ पाहिला, त्याला दाराबाहेर उभे राहणे किती जड गेले असेल? पण लोक हटले नाहीत. प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, अशी अवस्था झाली आणि वर्षभरातच मालकाने क्लब सोडला. मैदान मात्र वाचले नाही. तेथे घरे उभी राहिली. आज त्या जागी पाठीराख्यांच्या आठवणीचे एक स्मारक तेवढे आहे.

त्यानंतर २२ वर्षे हा क्लब बिऱ्हाड पाठीवर घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर फिरला. मालक बदलले, कर्ज वाढले. डब्लिनच्या टॅला या उपनगरात नवे मैदान बांधायला घेतले, पण पैसा संपला आणि काम अर्धवट राहिले. २००५ साली क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला, प्रकरण कोर्टात गेले. त्याच वर्षी तो इतिहासात प्रथमच खालच्या विभागात घसरला.

येथे ‘फोर हंड्रेड क्लब’ ही पाठीराख्यांची संघटना पुढे आली. वर्गणी गोळा करणाऱ्या या माणसांनी अख्खा क्लबच ताब्यात घेतला. दुसऱ्याच वर्षी संघ वरच्या विभागात परत आला. टॅलाचे अर्धवट मैदान स्थानिक काउंटी कौन्सिलने पूर्ण केले आणि मार्च २००९ मध्ये ते सुरू झाले. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. मैदान कौन्सिलच्या मालकीचे आहे. मिलटाउनसारखे ते कोणा एका कुटुंबाला विकता येणार नाही. २०१० साली रोव्हर्सने लीग जिंकली. ऑगस्ट २०११ मध्ये बेलग्रेड शहरात पार्टिझान या नामांकित संघाला हरवून युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला आयरिश क्लब ठरला. गटातले सहाही सामने तो हरला, हे खरे. पण सहा वर्षांपूर्वी ज्याचे दार बंद होणार होते, तो लंडनच्या टॉटनहॅमच्या मैदानावर जाऊन खेळला!

क्लब चालविणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी मंडळ चालविणाऱ्यांना सांगायला नको. सामन्याआधी खुर्च्या पुसायच्या, फाटकावर उभे राहायचे, तिकिटे फाडायची, स्कार्फ विकायचे, माहितीपत्रक लिहायचे. दिवसाची नोकरी करून ही कामे करायची आणि पगार नाही. सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे आठवड्याच्या कामाने अंग मोडलेले असताना. शिवाय करही भरायचा आणि हिशेबही द्यायचा. हिशेब चोख नसेल तर लीगमध्ये खेळण्याचा परवाना मिळत नाही.

पाठीराखे चालवितात म्हणजे सगळे आलबेल, असे मात्र समजू नये. डब्लिनचाच बोहेमियन्स हा १८९० सालचा क्लब पहिल्यापासून सभासदांच्या मालकीचा आहे. त्याच्या सभासदांनीच २००६ साली मतदान करून आपले जुने डॅलीमाउंट मैदान एका बिल्डरला विकण्याचे ठरविले. जमिनीचे भाव कोसळले, व्यवहार फिसकटला आणि क्लब कर्जात बुडाला. अखेर २०१५ साली डब्लिनच्या नगर परिषदेने मैदान विकत घेतले, म्हणून ते वाचले. सभासदांनी धडा घेतला. पुढे याच क्लबने आपल्या जर्सीवर निर्वासितांचे स्वागत करणारे शब्द छापले. मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या क्लबला हे धाडस सहजासहजी झाले नसते.

कॉर्क शहराची गोष्ट आणखी बोलकी आहे. कर थकला म्हणून २०१० साली कॉर्क सिटीची कंपनी कोर्टाने गुंडाळली. तेथील पाठीराख्यांच्या ‘फोरास’ या सहकारी संस्थेने शून्यातून, खालच्या विभागातून सुरुवात केली आणि २०१७ साली लीग व कप दोन्ही जिंकले. पण नंतर पैशाची ओढाताण इतकी झाली, की सभासदांनीच मतदानाने क्लब एका उद्योजकाच्या हाती दिला. रोव्हर्सनेही पुढे क्लबचा अर्धा हिस्सा धनिकांना विकला. उरलेला अर्धा मात्र सभासदांनी सोडलेला नाही.

मग हा सगळा खटाटोप फुकट गेला काय? तसे म्हणता येणार नाही. मिलटाउन विकले गेले, तेव्हा पाठीराख्यांना कोणी विचारलेही नव्हते. कॉर्कचा निर्णय मात्र सभासदांनी मतदान करून घेतला. चुकला असो वा बरोबर असो, तो त्यांचा होता.

वर्गणीची पावती फाडली, की आपले काम संपले असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे त्या पावतीने आपल्याला सभेत बसण्याचा, हिशेब मागण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळतो. आयर्लंडच्या गोदी आणि कारखान्यांतल्या माणसांनी तो हक्क वापरला. आपल्या वस्तीतल्या मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेला आपल्यापैकी किती जण जाणार आहेत?