बोटे तुटतात ती बेसावधपणाने नव्हे

भोसरी, चाकण, वाळूजच्या लहान प्रेस शॉपमध्ये दिवसभर एकच ठेका ऐकू येतो. पत्रा डायवर ठेवायचा, पॅडल दाबायचे, तयार जॉब काढायचा. गाड्यांचे ब्रॅकेट, दारांच्या बिजागऱ्या याच ठेक्यावर घडतात आणि कामगारांची बोटेही याच ठेक्यावर तुटतात. अपघातानंतर ‘त्याचे लक्ष नव्हते’ असे म्हणून विषय मिटवला जातो. हे निदान अपुरे आहे.

मेकॅनिकल पॉवर प्रेसची मोटार तुलनेने लहान असते. ती जड फ्लायव्हील सतत फिरवत ठेवते आणि ऊर्जा त्यात साठते. पॅडल दाबताच क्लच फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडतो, रॅम खाली येतो आणि साठलेली ऊर्जा क्षणात पत्र्यावर उतरते. मिनिटाला 60 फेरे घेणाऱ्या प्रेसचा रॅम साधारण अर्ध्या सेकंदात तळाशी पोहोचतो. धोका ओळखून हात हलू लागेपर्यंतच माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतो.

जुन्या प्रेसमध्ये पिन किंवा चावीचा क्लच असतो. तो एकदा गुंतला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही रॅम पुन्हा पडू शकतो. अशा प्रेसला हात ओळखणारा सेन्सर लावून उपयोग नाही. हात दिसला तरी रॅम थांबणार नाही. तिथे बोट आत शिरूच नये असा पक्का गार्ड हवा. हवेच्या दाबावरचा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असेल, तर रॅम मध्येच थांबवता येतो. सेन्सरला अर्थ येतो तो तिथेच.

अपघात झालाच, तर तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. मात्र प्रेसमध्ये बोट बहुधा चिरडते, आणि चिरडलेले बोट जोडणे अवघड असते.

यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षण हवे, हे 1948 च्या कारखाने अधिनियमातच लिहिले गेले. 1923 च्या भरपाई कायद्याने अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट, असा हिशेबही मांडला. तरीही नगांची संख्या वाढावी म्हणून गार्ड काढले जातात. सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपन्या मालाची जाडी मायक्रॉनमध्ये तपासतात. तो माल कोणत्या क्लचच्या प्रेसवर, गार्ड लावून की काढून बनला, हेही त्यांनी तपासावे.