पाहुणे म्हणू नका हो!

थंडी पडू लागली की मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. 'परदेशी पाहुण्यांचे आगमन'. सोबत कुरवांच्या थव्याचा फोटो, आणि शेवटच्या ओळीत पर्यटकांना पर्वणी. गावाचं नाव तेवढं बदलतं. कधी उजनी, कधी शिवडी, कधी नांदूरमध्यमेश्वर, कधी आमचा मुरूडचा पट्टा. मजकूर तोच. आपण 'अरे वा' म्हणतो आणि राशिभविष्याकडे वळतो.

माझं भांडण त्या बातमीशी नाही, तिच्यातल्या एका शब्दाशी आहे. पाहुणे. मंडळी, हा शब्द दिसतो तितका साधा नाही. गेले काही महिने काशीदला राहून माझं मत पक्कं झालंय की या एका शब्दाने पक्ष्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं बेचक्या घेऊन फिरणाऱ्या पोरांनीही केलं नसेल. (पक्षीवाले ब्लॉगर मित्र लगेच अंगावर येतील, माहीत आहे. या. आधी पूर्ण वाचा मात्र.)

दिवाळीपासून मी इथे आहे. पक्षी बघायला म्हणून अजून एकदाही घराबाहेर पडलेले नाही, माझ्याकडे धड दुर्बीणही नाही. पक्षी दिसतात ते कामाला जाता-येता. सकाळी दूध आणायला निघालं की दुकानासमोरच्या ओल्या जागेत एक धोबी शेपटी हलवत तुरुतुरु फिरत असतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या असतात. बँकेचं काम निघालं की एसटीने अलिबाग गाठावं लागतं. साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडताना ओहोटी असेल तर खिडकीतून चिखलात चरणारे तुतवार दिसतात, एखादा कोरल आपली लांब वाकडी चोच मुळापर्यंत खुपसून उभा असतो. औषधं आणायला मुरूडला जावं तर सुकत घातलेल्या मासळीवर घारी आणि कुरव टपलेले. मी माझ्या कामाला निघालेली असते, ते त्यांच्या. वाटेत भेट होते इतकंच. चाळीत नळावर व्हायची तशी.

आता हिशेब करू. काशीदच्या पुळणीवर जो छोटासा वाळूरंगी चिखल्या पळताना दिसतो (दोन पावलं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं), तो अंडी घालायला तिबेट-लडाखच्या उंच पठारांवर आणि मध्य आशियात जातो. तिथून परत निघतो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे गणपतीच्या आगेमागे तो कोकणात हजर असतो आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत त्याचा मुक्काम असतो. वर्षातले आठ-साडेआठ महिने इथे. पहिल्या वर्षाची पिल्लं तर बऱ्याचदा वर जातच नाहीत, अख्खा पावसाळा इथेच काढतात. एवढंच नाही. मोठे पक्षी पंखांची जुनी पिसं टाकून नवी पिसं उगवतात तीही मुख्यतः इथे, आपल्या किनाऱ्यावरचे किडे आणि बारके खेकडे खाऊन. ज्या पंखांवर ते हिमालय ओलांडतात ते पंख कोकणच्या अन्नावर वाढलेले असतात.

मग हा पाहुणा कसा? जी सून आठ महिने घरात राबते आणि बाळंतपणापुरती माहेरी जाते तिला आपण पाहुणी म्हणतो का? (काही घरांत म्हणतात. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

अमेरिका-कॅनडात थंडीचे महिने काढायला उत्तरेकडून फ्लोरिडाला जाणाऱ्या निवृत्त लोकांना 'स्नोबर्ड' म्हणतात. नाव पक्ष्यांवरून पडलंय पण वागणूक रहिवाशाची मिळते. त्यांचं तिथे घर असतं, ते घरपट्टी भरतात, त्यांचा न्हावी आणि दातांचा डॉक्टर ठरलेला असतो. ओंटारियो प्रांताच्या सरकारी आरोग्य योजनेचा नियम असा की बारा महिन्यांत २१२ दिवसांपर्यंत बाहेर राहिलात तरी चालेल, पण १५३ दिवस प्रांतात काढलेले हवेत. हाच नियम आमच्या चिखल्याला लावून बघा. तिकडे तो जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस काढतो. त्याचं तिकडचं कार्ड रद्दच होईल! त्याच्या नावाचं रेशनकार्ड निघालंच तर ते मुरूड तालुक्यात निघेल.

आणि ज्या नातेवाइकांपर्यंत हा ब्लॉग पोचतो त्यांच्यासाठी घरचंच उदाहरण देते. आमची आत्या गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीला मुलाकडे जाते. व्हिसा व्हिजिटरचा, मुक्काम सहा-सहा महिन्यांचा. फोनवर मुलगा सांगतो, "आई आलीय, घरात पाहुणे आहेत." ही पाहुणी सकाळी सहाला उठून नातवाचा डबा करते, त्याला स्कूलबसपर्यंत सोडते, ओक ट्री रोडवरून मेथी आणून निवडते, दुपारी मशीनमधले कपडे काढून घड्या घालते. स्कूलबसच्या वाटेवर तिने रॉबिन ओळखायला शिकला. तळ्याकाठच्या कॅनडा गीजवर तिचा राग आहे, कारण घाणीतून वाट काढत बाबागाडी ढकलावी लागते. त्या गीजपैकी कित्येक न्यू जर्सीतच जन्मलेले आणि बारा महिने तिथेच राहणारे. जन्मात कॅनडा पाहिलेला नाही, तरी नाव कॅनडा! आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यांना घरचे म्हणतात, मला पाहुणी." हसत म्हणाली. पण म्हणाली.

पाहुणा म्हटलं की तीन गोष्टी आपोआप येतात. त्याला बघायचं, त्याला खायला घालायचं, आणि तो कधी जाणार हे मनात धरायचं. त्याला घरात हक्काची खोली द्यायची नसते. आपण पक्ष्यांशी नेमकं असंच वागतो.

खायला घालण्याचा प्रकार बघायचा असेल तर गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसा. बोट सुटली की कुरव मागे लागतात आणि लोक पुड्या फोडतात. गाठ्या, शेव, चिप्स, कुरकुरे. पोरं ओरडतायत, आजोबा व्हिडिओ काढतायत, कुरव हवेतल्या हवेत पकडतायत. दिसायला सुंदर, नाही कशाला म्हणू? पण हे पक्षी मासे, किडे, खेकडे, झालंच तर मेलेली मासळी खाऊन जगणारे. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तलावांकाठी वाढलेले. (थंडीत त्यांचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं, कानाजवळ फक्त एक काळसर ठिपका. तपकिरी रंग चढतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, निघायच्या तोंडावर. लग्नाचा पोशाख इथूनच शिवून नेतात म्हणा ना.) तळलेलं बेसन आणि मीठ हा त्यांचा आहार नव्हे. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, लोक कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले. कुरवांच्या गाठ्यांबद्दल मात्र कोणी ब्र काढत नाही. का? तर पाहुणे आहेत, पाहुणचार आहे!

बघण्याचा प्रकार काशीदलाच दिसतो. इथली पुळण सुमारे तीन किलोमीटरची. शनिवार-रविवारी तिच्यावर घोडे, चार चाकांच्या त्या फटफट्या, बनाना राइडची गर्दी, क्रिकेट. माझा त्यावर राग नाही, त्यावर गावातली घरं चालतात. राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. वीस-पंचवीस चिखल्या कोरड्या वाळूवर एकाच दिशेला तोंड करून गप्प बसलेले असतात. कोणीतरी पोराला सांगतं, "धाव, उडव त्यांना, मी व्हिडिओ घेतो." पोरगं धावतं, थवा उडतो, घिरटी घालून पुढे जाऊन बसतो. तिथे दुसरं कुटुंब, दुसरं पोरगं. मागच्या महिन्यात चांगला हातभर लांब लेन्सवाला एक गृहस्थही हेच करत होता. उडतानाचा फोटो हवा होता म्हणे.

त्या वेळी ते पक्षी रिकामे बसलेले नसतात, हे समजून घ्यायला हवं. त्यांचं घड्याळ आपलं नाही, भरती-ओहोटीचं आहे. ओहोटीला ओली वाळू आणि खाडीचा चिखल उघडा पडला की चरायचं, मग दिवस असो की रात्र. भरतीला चरायची जागा पाण्याखाली जाते, तेव्हा वर कोरड्या वाळूवर बसून झोपायचं, पिसं साफ करायची, खाल्लेलं अंगी लावायचं. साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती, रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर बसायला वाळूची अरुंद पट्टीच उरते. म्हणजे आपल्याला जो निवांत बसलेला थवा दिसतो ती त्यांची दुपारची वामकुक्षी असते, तीही परवानगी काढून मिळालेली. लांब पल्ल्याचे काही किनारपक्षी निघण्यापूर्वी वजन जवळजवळ दुप्पट करतात. आपण उडवलेली प्रत्येक घिरटी त्या शिदोरीतून वजा होते.

वर्तमानपत्रांना आवडतात विक्रम. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका पाच महिन्यांच्या गॉडविटने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत कुठेही न उतरता पार केलं. जगभर मथळे झाले. व्हायलाच हवेत, थक्क करणारीच गोष्ट आहे. पण त्या अकरा दिवसांव्यतिरिक्त वर्षात आणखी ३५४ दिवस असतात. त्या दिवसांत पक्षी बाजारहाट करतो, घर सांभाळतो, आजारी पडतो, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जातो. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासातून हे कधीच कळलंय की अनेक किनारपक्षी दरवर्षी किनाऱ्याच्या त्याच तुकड्यावर परत येतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कडी घालायला सुरुवात केली ती १९२७ साली. म्हणजे शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून आगमनाच्याच बातम्या देतोय.

याच किनाऱ्यावर, अलिबागच्या पलीकडे किहीमला, १९३० साली सलीम अली राहायला आले. बर्लिनहून शिकून आले होते आणि मुंबईतल्या संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी गेली होती. बेकार माणूस करणार काय? त्यांनी जवळच्या सुगरणींचा संसार बघितला. नर अर्धंच घरटं विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर मुक्काम ठोकते, आणि नर ते घरटं पुरं करून दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो! किती लोक वर्षानुवर्षं त्या झाडांखालून गेले असतील. हे कळलं ते तिथे राहून रोज बघणाऱ्याला. आगमनाचा फोटो काढून निघून जाणाऱ्याला ते कळलं नसतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने हा सगळा किनारा झोडपला. सुरूची झाडं आडवी झाली, सुपारीच्या वाड्या गेल्या, घरांवरचे पत्रे उडाले. पक्ष्यांपैकी बहुतेक तेव्हा वर होते. सप्टेंबरापर्यंत परतले, तर गाव ओळखू न येण्याजोगं. मुंबईहून गणपतीला आलेल्या चाकरमान्यांचंही तेच झालं होतं. चाकरमान्याला कोणी पाहुणा म्हणून बघावं, काय ऐकून घ्यावं लागेल! त्याचा सातबाऱ्यावर हिस्सा असतो.

काही जण म्हणतील, "शब्दाचा एवढा काय कीस पाडतेस? पाहुणे म्हटल्याने निदान लोकांना माया वाटते. अतिथी देवो भव." बरं. मग माया दाखवून काय झालं तेही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनने आपली लाल यादी सुधारली, त्यात बाकदार चोचीचा तुतवार आणि करडा चिखल्या या दोघांना 'असुरक्षित' (व्हल्नरेबल) गटात टाकावं लागलं. दोन्ही आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारे. कारणं जगभरची आहेत, खाड्यांवरचे भराव, बदलतं हवामान, शिकार. सगळं खापर काशीदच्या फटफट्यांवर फोडण्याइतकी मी भाबडी नाही. पण किनाऱ्याचा आराखडा होतो, धक्का होतो, पार्किंग होतं, तेव्हा पाहुण्याची बाजू कोण मांडणार? रहिवासी असेल तर विचारावं लागतं, "याला बसायला जागा कुठे ठेवलीत?" पाहुण्याच्या बाबतीत हा प्रश्नच उठत नाही, तो आज ना उद्या जाणारच असतो.

माझं मागणं फार मोठं नाही. तीन किलोमीटरच्या पुळणीचं एक टोक भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास मोकळं सोडा. ना घोडा, ना गाडी, ना पोरांची शर्यत. एक दोरी आणि एक पाटी, बास. पाटीवर 'परदेशी पाहुणे' लिहू नका, 'रहिवासी झोपले आहेत' असं लिहा. गावातल्या दोघा-तिघांशी बोलले. एक हसला, एक म्हणाला शनिवार-रविवार सोडून बघू, तिसरा म्हणाला दोरी मी देतो. बघू या.

असो. मार्चमध्ये इकडे येणाऱ्या नातेवाइकांना सूचना. चिखल्यांच्या छातीवर तेव्हा तांबूस पट्टा उमटू लागलेला असेल, बघण्यासारखा असतो. भरतीची वेळ मी आदल्या दिवशी कळवते, तेव्हा सुरूच्या सावलीत बसून लांबून बघायचं. बोटीने येणार असाल तर गाठ्यांची पुडी न फोडता आणा. इथे संध्याकाळी चहाबरोबर लागते. :)