उसन्या शौर्याचा बंदोबस्त

मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र ज्या नगरीत आहे, त्या बेळगावच्या वाचकांस सैनिकाच्या छातीवरील पदकाचे मोल सांगावयास नको. यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो प्राणाचे मोल देऊन. तसले पदक बाजारातून आणून छातीवर मिरविणारा आणि न लढलेल्या युद्धाच्या कथा सांगून पैसा, पद वा मते मिळविणारा इसम निव्वळ बढाईखोर नव्हे. तो चोर होय.

अशा चोराविषयी आपला कायदा काय म्हणतो? संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने सरकारी पदव्या बंद केल्या. राखल्या त्या केवळ लष्करी व विद्याविषयक. ज्यांचा एवढा मान, त्यांचे संरक्षण मात्र तोकडे! २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ पाहावे. सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून तसा वेष वा चिन्ह धारण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम अंगावरचा वेष पाहते. तोंडची थाप पाहत नाही. पैसे लुबाडले तर फसवणुकीचे कलम आहे. पण थापेच्या बळावर पद वा मते मिळविली, तर ते लावणे सोपे नाही.

मग प्रत्येक थापाड्यास तुरुंगात टाकावे काय? अमेरिकेने २००६ साली पदकाच्या नुसत्या खोट्या दाव्यासही गुन्हा ठरविले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली भाषणस्वातंत्र्याच्या कारणास्तव तो कायदा अवैध ठरविला. २०१३ चा नवा कायदा पैसा, मालमत्ता वा अन्य प्रत्यक्ष लाभासाठी केलेल्या दाव्यापुरता आहे. हीच मर्यादा आम्हांस योग्य वाटते. शब्दाशब्दाला शिक्षा देण्याचे हत्यार सरकारच्या हाती गेल्यास काय होते, हे सीमावासीयांनी पुरेपूर भोगले आहे.

कायद्याइतकीच निकड वेळीच पडताळणी करण्याची आहे. बीड जिल्ह्यात बनावट कागदांवर स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन लाटल्याचे प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा वेळी भुर्दंड कोणास पडतो? खऱ्या सैनिकास! म्हातारपणी पुरावे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे त्यालाच झिजवावे लागतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

म्हणून गावोगावच्या मंडळांनी सत्काराची शाल घालण्यापूर्वी सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. दर १७ जानेवारीस १९५६ च्या हुतात्म्यांपुढे नतमस्तक होणाऱ्या सीमाभागाला रक्ताची किंमत ठाऊक आहे. ते रक्त ज्याचे, मानही त्याचाच!